मंगल दाराशी पोचली आणि मी झोपलो

बातमी आली तेव्हा माझा फोन नांदेडला एका चहाच्या टपरीवर, शेगडीमागच्या बोर्डाला चार्जिंगला लावलेला होता आणि मी समोरच्या बाकावर दुसरा चहा पीत बसलो होतो. सकाळचे सात वाजले असतील. टपरीवाला म्हणाला, "ओ काका, तुमचा फोन कवाचा वाजून राहिला." मी म्हटलं, वाजू दे, आधी पोट भरू दे त्याचं. मला वाटलं, घरून असेल, रक्तदाबाची गोळी घेतली का विचारायला. शेवटी उठून पाहिलं तर पल्लवीचे सहा मिसकॉल. पल्लवी म्हणजे रतनची मुलगी. मी फोन लावला. ती म्हणाली, "काका, बाबा गेले." आणि मी, साठीला टेकलेला, आयुष्यभर सरकारी कार्यालयात मृत्यूचे दाखले जोडलेल्या फायली हाताळलेला माणूस, तिला विचारता झालो, "कुठं?"

मग तीच म्हणाली, "काका, तुम्ही या फक्त."

रतन सोनकांबळे माझा उदगीरच्या शाळेतला, नववीपासूनचा मित्र. पुढं तो चित्रकलेचा शिक्षक झाला, मी कारकून. दवाखाना टपरीपासून दोन मिनिटांवर होता. तरीही मी त्या बाकावर आणखी थोडा वेळ बसलो, कारण तो फोन मी ज्यासाठी चार्ज करत होतो, ते काम राहिलं होतं. एका जपानी मालिकेच्या शेवटच्या भागातली शेवटची दहा मिनिटं मला बघायची होती. आदल्या दिवशी त्या दहा मिनिटांबद्दल मी रतनशी खोटं बोललो होतो. ते आज दुरुस्त करू असं ठरवून आलो होतो... आज म्हणजे सकाळी दहाला, भेटायची वेळ सुरू झाल्यावर. माझी सगळी कामं अशीच असतात, वेळेत, आणि उशिरा.

ही जपानी चित्रांची भानगड आम्हा दोघांच्या आयुष्यात कशी शिरली ते आधी सांगायला हवं, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्मे आताच हसले असतील. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. आमच्या उदगीरला आठवड्यानं, दहा दिवसांनी टँकर. रतनच्या शाळेत चित्रकलेच्या परीक्षेची तयारी चाललेली, आणि जलरंगाला पाणी नाही. साठ पोरांत मिळून एक वाटी. पहिल्या बाकापासून ती फिरत जायची आणि शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत काळी होऊन जायची. शेवटच्या बाकावरच्या पोरांची आभाळं, झाडं, माणसं सगळी करड्या रंगाची. रतन ती चित्रं भिंतीला लावून म्हणायचा, "खरा मराठवाडा ह्यांनीच काढलाय बग." त्याच दिवसांत अकरावीतली पल्लवी कोणाकडून तरी पेन ड्राइव्ह घेऊन आली. मी म्हटलं, "कार्टून बघतेस या वयात?" ती म्हणाली, "काका, अ‍ॅनिमे म्हणायचं." मी म्हटलं, "म्हणतो. पण आहे कार्टूनच ना?" त्यावर तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आमचे साहेब माझ्या टिपणीकडं पाहायचे.

पहिल्याच भागात पाऊस होता. समुद्रातलं एक बेट, होडीचा धक्का, आणि धक्क्यावर पडणारा पाऊस. रतननं पडदा थांबवायला लावला. उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला, चष्मा कपाळावर सरकवला. "थेंब पडल्यावर पाणी वर उडतंय, ते बी काढलंय," तो म्हणाला. "एका सेकंदात किती चित्रं केली असतील रे लेकाच्यांनी? असं पाणी काढायला पोटभर पाणी बघितलेलं पाहिजे." कमलवहिनी, रतनची बायको, आतून ओरडल्या, "थेंब बगत बसा, तिकडं टँकर आला!" आम्ही दोघं घागरी घेऊन पळालो. माझ्या घागरीला खाली भोक होतं हे मला घरी पोचल्यावर कळलं.

त्या मालिकेची गोष्ट सोपी होती. एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत बेटामागून बेट फिरते. जिथं जाते तिथं कळतं, तो कालच निघून गेला. जपानी नावं आमच्या तोंडात बसेनात, म्हणून रतननं मुलीचं नाव मंगल ठेवलं आणि भावाचं दगडू. खाली इंग्रजी अक्षरं यायची. रतन ती वाचायला तयार नव्हता. "चित्र बघू का अक्षरं? मुन्शी, तू वाच." मुन्शी हे माझं नाव त्यानंच पाडलेलं, मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून. पल्लवी शिकायला नांदेडला गेल्यावर अक्षरं वाचून मराठीत सांगायचं काम कायमचं माझ्याकडं आलं. माझं इंग्रजी सरकारी पत्रांपुरतं. त्यामुळं मंगल एकदा एका कोळ्याला "आपले पत्र मिळाले, कार्यवाही सुरू आहे" असं म्हणाली. रतन खुर्चीवरून खाली घसरला हसून. पण तरीही मीच वाचायचो. दर रविवारी, दुपारी, वीज असेल तर.

मालिका एकदा संपली की पुढचा हंगाम यायला दोन-दोन वर्षं लागायची. तोवर आम्ही दुसऱ्या मालिका पाहिल्या, कमीत कमी पंचवीस तरी. आणि प्रत्येकीच्या शेवटी आमच्या घरात, म्हणजे रतनच्या घरात, भांडण. मी म्हणायचो, गोष्टीचा शेवट म्हणजे शेवट. कोण मेलं, कोण जगलं, कोणी कोणाशी लग्न केलं, सगळं लिहून खाली सही. प्रकरण निकाली. एवढे चोवीस भाग माणसानं बघायचे आणि शेवटी पोरगा टेकडीवर उभा राहून वाऱ्याकडं बघतोय, संपलं? हे काय झालं? अशी फाईल मी साहेबांकडं नेली असती तर तोंडावर आली असती. कमलवहिनींचं मत वेगळं. "मरू दे, रडू दे, वीस भाग रडवा. पन शेवटी समद्यास्नी एका ताटात जेवू घाला. आमी काय पाप केलंय?" त्यांना गोड शेवट लागायचा, आणि मालिकेनं तो दिला नाही तर त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायच्या, जपानपर्यंत आवाज जावा इतक्या.

आणि रतनला अर्धवट शेवट आवडायचा. दार दिसलं, हात वर गेला, बस. "पुढचं तिचं तिला बगू दे की," तो म्हणायचा. "तू कामून आत घुसून राहिलास?" मी चिडायचो. म्हणायचो, चित्रकार लोक आळशी, चित्र पुरं करायचा कंटाळा. तो नुसता हसायचा. मला वाटायचं, कलेचा काहीतरी नखरा असेल. आठवी-नववीच्या पोरांना चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला तेवढा नखरा माफ आहे, असंही मी उदारपणे मनात म्हणायचो.

त्याच काळात उदगीर जिल्हा होणार ही आवई फार जोरात होती. तशी ती आमच्याकडं दरसाल येते, झेंडावंदनाच्या आठवडाभर आधी, पाहुण्यासारखी. पण त्या वर्षी मला "आतली खबर" होती. आमच्या कार्यालयातल्या शिपायाच्या मेहुण्यानं मुंबईत कोणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं... इतकी आतली. मी रतनला गाठून माझ्या फाटकासाठी पाटी करून घेतली. माझं नाव, गल्ली, उदगीर, आणि खाली ठसठशीत अक्षरांत "जिल्हा उदगीर". झेंडावंदन झालं, भाषणं झाली, जिल्हा झाला नाही. पाटी अजून माझ्या फाटकावर आहे. पोस्टमन मला कलेक्टर म्हणतो. रतन म्हणायचा, "मुन्शी, ही तुझी मालिका. हिला शेवटच न्हाई, आन तू पहिल्या भागातच शेवट करून बसलास."

मी म्हटलं, "माझं राहू दे. तुझ्या दारावरची पाटी बघ आधी." कारण रतनच्या घरावर, चौकटीच्या वर, निळ्या पत्र्याची एक जुनी पाटी होती. तिच्यावर त्याच्या वडिलांचं नाव आणि खाली "जि. उस्मानाबाद". लातूर जिल्हा होऊन आम्ही म्हातारे व्हायला आलो, आणि चित्रकलेच्या मास्तरच्या स्वतःच्या घरावर जुना जिल्हा! "दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो, "मी उद्या डबा अन् ब्रश घेऊन येतो." रतन म्हणाला, "राहू दे." मी म्हटलं, "अरे पण चूक आहे ती." तो पुन्हा म्हणाला, "राहू दे म्हटलं ना." एवढं झाल्यावर शहाणा माणूस विचारतो, का राहू दे? मी विचारलं नाही. पस्तीस वर्षांची मैत्री, आणि मी विचारलं नाही.

शाळेत असल्यापासून मला एवढंच माहीत होतं की रतनचे वडील नाहीत. नाहीत म्हणजे नाहीत, असं मी धरून चाललो. कारकुनाला दुसरं "नाहीत" ठाऊक नसतं. म्हणून दोन-तीन वर्षांनी पुन्हा पडलेल्या दुष्काळात जेव्हा रतनच्या घराला नळ मिळेना, कारण घर अजून वडिलांच्या नावावर, तेव्हा मी त्याला न सांगता कामाला लागलो. मित्राला चकित करायचं होतं. वारसाची नोंद करायची, घर मावशींच्या, म्हणजे रतनच्या आईच्या, नावावर करायचं, नळ घ्यायचा, झालं. अर्ज लिहिला, शपथपत्राचा मसुदा टाईप करून आणला, फक्त सह्या राहिल्या. शनिवारी दुपारी मी रतनच्या घरी गेलो. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. त्या घराच्या दाराला मी कधी कडी लागलेली पाहिली नव्हती. दिवसा नाही, रात्रीही नाही. मला वाटायचं, चोरून न्यायला काही नसेल म्हणून.

रतन शाळेत होता. मावशी अंगणात रांजणाच्या तळातलं पाणी पेल्यानं घागरीत भरत होत्या. मी खाटेवर बसलो, चष्मा लावला आणि झेंडावंदनाला वाचावं तशा आवाजात वाचायला लागलो. वडिलांचं संपूर्ण नाव, राहणार उदगीर, "हे मयत असून..."

मावशींच्या हातातला पेला थांबला. त्या माझ्याकडं वळल्या. "कवा?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही.

"कवा गेले? कोन सांगितलं तुमास्नी? कचेरीत कागद आलाय का?" त्या उठल्या, पदरानं हात पुसत माझ्याजवळ आल्या. "कुठं गेले बाबा? जवळ हुतं का कुनी?"

मी त्यांच्या हातात तो कागद कसा देणार? मी म्हणालो, "नाही मावशी, तसं नाही, हे नियमाप्रमाणं..." त्या म्हणाल्या, "नियमानं कसं मरल मानूस?" आणि खाली बसल्या, रांजणाला टेकून. मी तिथंच, कागद छातीशी धरून, शाळेतल्या पोरासारखा उभा. रतन येईपर्यंत अर्धा तास गेला असेल. त्या अर्ध्या तासात मावशींनी मला सगळं सांगितलं, नाहीतर स्वतःला सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात रतनचे वडील खडी फोडायच्या कामावर होते. काम बंद पडल्यावर, हैदराबादकडं बघतो म्हणून निघाले. गावातल्या एकानं त्यांना मुदखेडच्या स्टेशनावर पाहिलं, बाकावर बसून चहा पिताना. त्याच्याशी बोललेही. "पोरगा शाळेत जातो का?" एवढंच विचारलं म्हणे. त्यानंतर कोणी पाहिलं नाही. पत्र टाकीन म्हणाले होते. मग इकडं जिल्हा बदलला. मावशींना ती एक काळजी लागून राहिली. ते पत्रावर जुनाच जिल्हा लिहिणार, आणि कधी आले तर जुनाच जिल्हा विचारत येणार. म्हणून पाटी तशी. म्हणून दाराला कडी लावायची नाही.

रतन आला. त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. आईजवळ उकिडवा बसला. "आई, हे कागदावरचं हाय. खरं न्हाई." त्या म्हणाल्या, "मग आनलं कशाला?" त्यावर रतननं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. त्या नजरेला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही... दमलेला माणूस आणखी एक जिना पाहतो तसं काहीतरी.

पुढं पाच-सहा रविवार मी तिकडं फिरकलो नाही. एकदा कमलवहिनी भाजी घेताना दिसल्या, मी शेजारच्या चपलांच्या दुकानात शिरलो आणि लाजेनं एक नको असलेला जोड घेऊन बाहेर आलो, तोही डाव्या पायाला चावणारा. मग एका रविवारी दुपारी रतनच आला. फाटकावरच्या "जिल्हा उदगीर"ला नमस्कार केला आणि म्हणाला, "मंगलचे नवे भाग आलेत. अक्षरं कोन वाचनार? चल. फाईल घरी ठेवून ये." बस, एवढंच. त्या दिवशी मंगल एका बेटावर पोचली तेव्हा भाऊ नेहमीप्रमाणं कालच निघून गेलेला होता, पण जाताना भांडं घासून पालथं घालून गेला होता. भांड्याखालची जमीन अजून ओली. रतन त्या ओल्या वर्तुळाकडं फार वेळ बघत राहिला. मी त्याच्या अर्धवट शेवटांबद्दल पुन्हा कधी वाद घातला नाही. तो म्हणाला, "वाद घालत जा रे, मजा जाते." मी घातला. पण माझ्यात तो जोर राहिला नव्हता.

मावशी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. कडी लागली नाही. रतन म्हणाला, "आता सवय झालीय. लावली तर झोप येनार न्हाई." नळ शेवटी त्यानं स्वतःच्या शब्दावर, कुठं कुठं खेटे घालून, वडिलांच्याच नावावर मिळवला. जिवंत माणसाच्या नावावर.

त्याची मूत्रपिंडं गेल्या वर्षी बिघडली. आठवड्यातून दोनदा नांदेडला, डायलिसिस. पल्लवी तिथंच नोकरीला असल्यानं राहायची सोय होती. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं, दिवसाला एवढंच. रतन मला म्हणाला, "मुन्शी, आपल्याला काय नवं हाय का ते? साठ पोरात एक वाटी." शेवटच्या महिन्यात तो दवाखान्यातच होता. डोळ्यांपुढं अंधारी यायची, पडद्याकडं बघवत नव्हतं. आणि नेमका तेव्हा, इतक्या वर्षांनी, मंगलचा शेवटचा हंगाम आला. पल्लवीनं सगळे भाग माझ्या फोनवर घालून दिले. दर रविवारी मी उदगीरहून एसटीनं यायचो, वाटेत एक-दोन भाग बघायचो आणि त्याच्या खाटेजवळ बसून सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. मध्येच विचारायचा, "आभाळ कसं काढलंय?" मी म्हणायचो, "निळं." तो म्हणायचा, "हाव, गाढवा. निळं किती परकारचं असतं?"

शेवटच्या भागाचा रविवार. गाडी देगलूरमार्गे. मी खिडकीजवळ बसलो, आणि देगलूरला एक म्हातारी शेजारी येऊन बसली, तेलुगू बोलणारी, मांडीवर एक मोठी पिशवी, पायाशी दुसरी. मी फोन लावला तर तीही वाकून बघायला लागली. मला बरं वाटलं, दोघांनी बघावं. मंगल शेवटच्या बेटावर उतरली. चढ चढून गेली. वर एक घर. मी आदल्या रात्री दाढदुखीनं झोपलो नव्हतो, बाहेर ऊन, गाडीचा एका लयीत आवाज... मी एवढंच सांगू शकतो की मंगल घराच्या दिशेनं चालायला लागली आणि मी गेलो. दहा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी मी तोंड उघडं टाकून एका अनोळखी म्हातारीच्या खांद्यावर झोपलो होतो.

तिनंच मला हलवून उठवलं. तिचं गाव आलं होतं. फोन माझ्या मांडीवरून तिच्या पिशवीवर गेलेला आणि बॅटरी संपून काळा झालेला. मी घाबरून विचारलं, "काय झालं? शेवट काय झाला?" तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. पण प्रश्न तिला कळला. तिनं उजवा हात वर केला, असा, दारावर ठेवावा तसा. मग हसली. मग खाली वाकली, मला वाटलं पायाशी ठेवलेली पिशवी घेतेय. आणि उतरून गेली.

दवाखान्यात रतन जागा होता. माझी पावलं ऐकून म्हणाला, "सांग." मी म्हणू शकलो असतो, रतन, झोपलो रे. तो हसला असता, शिव्या दिल्या असत्या, उद्या बघून सांग म्हणाला असता. पण मला वाटलं, त्याला हवा असलेला शेवट तर मला पाठ आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट शिकलो होतो, तिचा उपयोग करायची हीच वेळ. मी म्हणालो, "घर दिसतं. आत दिवा. ती दारापर्यंत जाते, हात वर करते... आणि संपतं."

त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, समाधान झालं. मग डोळे न उघडताच म्हणाला, "संपलं?"

"हो."

"दार न्हाई उघडलं?"

"नाही. तुला आवडतं तसं."

"न्हाई रे मुन्शी," तो म्हणाला. फार थकलेला आवाज होता. "लई चालली ती पोरगी. या खेपेला उघडायला पायजे होतं."

मी एकदा त्याच्या घरात, नको तिथं, शेवट करून आलो होतो. आणि जिथं करायला हवा होता तिथं अर्धवट सोडून आलो. दोन्ही वेळा मित्राचं भलं करायला. मी त्याच्या पायावरची चादर नीट केली, उद्या सकाळी येतो म्हणालो आणि रात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढली. मनात म्हटलं, फोन चार्ज करून बघतो, खरं काय ते सांगतो. पुढचं वर लिहिलं आहे.

रतनच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मला बोलायला उभं केलं. मी उभा राहिलो, "रतन" म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं. खरं तर मला पुढचं वाक्य तयार नव्हतं.

मागच्या रविवारी दुपारी पल्लवीचा फोन आला. "काका, आई म्हणते मंगलचा शेवट बघू या. तुम्ही पाहिलाय, पण या." मी गेलो. निळी पाटी तिथंच. दार नुसतं लोटलेलं. उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला, रतनच्या चपला. मी माझ्या त्यांच्या शेजारी काढल्या. टीव्ही लावायच्या आधी मी दोघींना सांगून टाकलं. झोपलो होतो. त्याला सांगितलं ते मनानं. पल्लवी खाली बघत राहिली. कमलवहिनी माझ्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता तरी जागं ऱ्हावा, भाऊजी."

मी अक्षरं वाचायला बसलो, पण त्या शेवटच्या दहा मिनिटांत अक्षरंच नाहीत. कोणी बोलत नाही. मंगल चढ चढते. संध्याकाळचं आभाळ आहे, आणि ते निळं नाही. त्याला काय रंग म्हणायचं ते विचारायला आता माणूस नाही. ती दाराशी पोचते, हात वर करते. हात दारावर टेकतो, आणि दार आतल्या बाजूला सरकतं. कडी नसते. आतला उजेड तिच्या तोंडावर येतो. आत कोण आहे ते दाखवत नाहीत. ती बघते, खूप वेळ बघते. मग खाली वाकते आणि पायातले जोडे काढते, एक, मग दुसरा, आणि उंबऱ्याशी नीट लावून ठेवते. आत जाते. संपलं.

एसटीतली म्हातारी पिशवी घ्यायला वाकली नव्हती.

"आत असेल का गं भाऊ?" मी विचारलं. पल्लवी म्हणाली, "दाखवलं नाही, काका." नेहमी याच ठिकाणी आमचं भांडण सुरू व्हायचं. मी वहिनींकडं पाहिलं, त्या भांडी आपटायला जातील म्हणून. त्या जागच्या हलल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दाखवायला कशाला पायजे? पायातलं काढलं की तिनं. परक्याच्या दारात कोन काढतं?"

चहा झाला. वीज गेली. मी उठलो, चपला घातल्या. रतनच्या चपलांना माझा धक्का लागला, एक तिरकी झाली, ती मी वाकून सरळ केली. बाहेर आलो आणि मागं वळून, का कोण जाणे, विचारलं, "वहिनी, आता दोघी बायकाच घरात. आतून कडी लावून घेता का?"

आतून आवाज आला, "लोटून घ्या नुसतं."

मी दार लोटून घेतलं.